रखमाबाईंचा नकार

१८८४ साली मुंबईच्या उच्च न्यायालयात दादाजी भिकाजी नावाच्या एका तरुणाने दावा दाखल केला. आपली पत्नी नांदावयास येत नाही, तिला पाठविण्याचा हुकूम व्हावा, एवढीच त्याची मागणी होती. असे दावे पूर्वीही होत. नवे होते ते प्रतिवादीचे उत्तर. दादाजींची प्रकृती आणि त्यांची परावलंबी स्थिती ही कारणे रखमाबाईंनी पुढे केलीच. परंतु अजाण वयात आपल्या संमतीवाचून झालेला विवाह आपल्याला बांधू शकत नाही, हे त्यांच्या म्हणण्याचे खरे मर्म होते. तेव्हा त्या जेमतेम विशीत होत्या.

त्यांचा जन्म १८६४ चा, सुतार समाजातला. वडील लहानपणीच वारले. त्या समाजात विधवाविवाहास मुभा असल्याने आई जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. अकराव्या वर्षी रखमाबाईंचे लग्न एकोणीस वर्षांच्या दादाजींशी झाले; त्या मात्र सावत्र वडिलांच्या घरीच राहिल्या, वाचू लागल्या, विचार करू लागल्या. वडिलांची मालमत्ता त्यांच्या वाट्याला आली होती. हा तपशील चरित्रकार ओझरता सांगतात, पण तो ओझरता नाही. नकार देण्यास धैर्य लागते, आणि त्या धैर्याला डोक्यावर छप्पर लागते. रखमाबाईंना ते लाभले होते. त्यांच्या काळातील असंख्य मुलींना लाभले नव्हते, आणि म्हणूनच त्यांचे नकार कोणत्याही दप्तरात नोंदले गेले नाहीत.

१८८५ च्या सप्टेंबरात न्या. पिन्हे यांनी दावा फेटाळला. जो सहवास कधी सुरूच झाला नाही, त्याची पुनःस्थापना कशी करावयाची, असा त्यांचा रोख होता. त्याच वर्षी ‘टाइम्स ऑफ इंडिया’त एका हिंदू स्त्रीच्या टोपणनावाने बालविवाहावर पत्रे प्रसिद्ध झाली होती, ती रखमाबाईंचीच होती. सनातनी मंडळी खवळली. ‘केसरी’ने त्यांच्याविरुद्ध लेखणी चालविली, तर पारशी सुधारक बेहरामजी मलबारी त्यांच्या बाजूने उभे राहिले. अपिलात निकाल फिरला, आणि ४ मार्च १८८७ रोजी न्या. फॅरन यांनी हुकूम दिला : महिनाभरात पतीकडे जावे, अन्यथा सहा महिने कैद. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली.

धर्मरक्षणाच्या नावाने ज्या कायद्याचा एवढा जयघोष चालला होता, तो मुळात हिंदू धर्मशास्त्रातला नव्हताच. तो इंग्लंडच्या चर्च-न्यायालयांतून आलेला. १८६७ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने एका मुसलमान पतीच्या प्रकरणात असा दावा हिंदुस्थानातील दिवाणी न्यायालयात चालू शकतो, असे ठरविले होते. खुद्द इंग्लंडने १८८४ मध्ये या कामी कैदेची शिक्षा रद्द केली. येथे ती १९२३ पर्यंत टिकली.

१८८८ मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी हुकुमाची अंमलबजावणी सोडून दिली. स्त्रीने आपल्या देहावरचा आपला हक्क रोख रक्कम मोजून विकत घ्यावा, याहून बोलका हिशेब अर्थशास्त्राच्या पुस्तकात सापडणार नाही. पुढे रखमाबाई लंडनला गेल्या, स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयातून डॉक्टर झाल्या आणि परतल्यावर सुरत व राजकोट येथे त्यांनी तीन दशकांहून अधिक काळ स्त्रियांची रुग्णालये सांभाळली. दादाजी वारले तेव्हा त्यांनी विधवेचा पांढरा वेष स्वीकारला, असे सांगतात. या कृतीचा अर्थ लावण्याची घाई न केलेली बरी.

२५ सप्टेंबर १९५५ रोजी त्या निवर्तल्या. त्याच वर्षी, १८ मे रोजी, हिंदू विवाह कायदा अमलात आला होता आणि त्याच्या नवव्या कलमात सहवासाच्या पुनःस्थापनेचा तोच दावा सुखरूप बसला होता. पारशी आणि ख्रिस्ती विवाहांच्या कायद्यांतही तो आहे. मुसलमान दांपत्यांनाही तो उपलब्ध आहे. आंध्रच्या उच्च न्यायालयाने १९८३ मध्ये नववे कलम घटनाबाह्य ठरविले. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये ते वैध ठरविले. २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेतही पत्नी अठरा वर्षांची असेल तर पतीने केलेली सक्ती बलात्कार ठरत नाही. स्त्रियांवरील घरगुती अत्याचार हा अमुक एका जमातीचा दुर्गुण आहे, असे मानणाऱ्यांनी हे सारे कायदे एकदा शेजारी शेजारी ठेवून वाचावेत.

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने मात्र धर्म व जात न विचारता मारहाण, लैंगिक सक्ती, मानसिक छळ आणि आर्थिक कोंडी यांना एकाच व्याख्येत आणले. मुंबईच्याच गोरेगावची आरे कॉलनी घ्या. तेथील पाड्यांत वारली कुटुंबे राहतात. १९४९ पासून उभ्या राहिलेल्या गोठ्यांत उत्तरेकडून आलेले गवळी आणि मजूर राबत आले. वारली स्त्रीला, अनुसूचित जमातीची म्हणून, हिंदू विवाह कायदा सहसा लागूच होत नाही. २००५ चा कायदा तिला लागू होतो आणि गोठ्यातील मजुराच्या पत्नीलाही. घर कोणाच्याही नावावर असो, त्यातून तिला बाहेर काढू नये, असा हुकूम दंडाधिकारी देऊ शकतात. गोठ्याशेजारची खोली मात्र नवऱ्याच्या नोकरीबरोबर मिळालेली असते. त्याच्याविरुद्ध तक्रार केली आणि नोकरी गेली, तर खोलीही जाते, हा हिशेब ती पोलीस चौकीची वाट धरण्यापूर्वीच करून बसलेली असते.