मोटार न चालवणारा इंजिनकार : फेलिक्स वांकेल

हौसेला मोल नसते असे आपण म्हणतो, पण जुनी मोटार हौसेने घेणाऱ्याला मोल चुकत नाही. शुक्रवार-शनिवारच्या सुट्टीत सखीर-झल्लाकच्या मोकळ्या रस्त्यावर फिरवायला एखादी वापरलेली माझदा आर.एक्स.-७ किंवा आर.एक्स.-८ घ्यावी, असे आपल्या तरुण मंडळींना वाटले तर नवल नाही. गाडी देखणी, चाल रेशमासारखी. त्यातली आर.एक्स.-८ तर तिच्या तोडीच्या इतर गाड्यांच्या मानाने स्वस्तही मिळते. ती स्वस्त का मिळते, याचे उत्तर मात्र एका जर्मन माणसाच्या आयुष्यात दडलेले आहे. त्याचे नाव फेलिक्स वांकेल.

वांकेलचा जन्म १३ ऑगस्ट १९०२ रोजी जर्मनीतील लार या गावी झाला. वडील वनखात्यात होते. १९१४ साली पहिले महायुद्ध सुरू होताच ते रणांगणावर कामी आले. आईने मुलाला घेऊन हायडेलबर्ग गाठले. पैशाची ओढाताण होती. फेलिक्सचे शिक्षण १९२१ मध्ये अर्धवटच सुटले आणि तो एका ग्रंथप्रकाशकाकडे नोकरीला लागला. विद्यापीठाची पायरी तो विद्यार्थी म्हणून कधीच चढला नाही. दृष्टी इतकी अधू होती की मोटार चालवण्याचा परवानाही त्याने जन्मभर काढला नाही. अशा मुलाने सतराव्या वर्षापासून एका नव्या इंजिनाचा ध्यास घेतला. १९२४ मध्ये त्याने हायडेलबर्गला छोटासा कारखाना थाटला आणि १९२९ मध्ये पहिले पेटंट मिळवले.

त्याची कल्पना समजायला आपले जुने स्वयंपाकघर आठवावे. नेहमीचे इंजिन म्हणजे उखळ-मुसळ. दट्ट्या वर जातो, खाली येतो, प्रत्येक वेळी थांबून दिशा बदलतो आणि त्यात हादरे बसतात. वांकेलला जाते हवे होते, अखंड गरगरणारे. त्याच्या इंजिनात लंबगोल पोकळीत एक फुगीर त्रिकोण फिरतो. इंधन ओढणे, दाबणे, पेटवणे आणि धूर बाहेर टाकणे ही चारही कामे त्रिकोणाच्या तिन्ही बाजूंना ओळीने होत राहतात. झडपा नाहीत, दट्ट्ये नाहीत. अडचण एकच. त्रिकोणाची तिन्ही टोके पोकळीच्या भिंतीला सतत घट्ट चिकटलेली हवीत, नाहीतर दाब निसटतो. टोकांवरच्या या पट्ट्यांना ‘सील’ म्हणतात. वांकेलचे सारे आयुष्य या सीलांभोवतीच फिरले.

या आयुष्याला एक काळी बाजू आहे, ती झाकून चालणार नाही. ऐन तारुण्यात वांकेल नाझी पक्षात शिरला होता आणि तरुणांच्या संघटना बांधत होता. पुढे स्थानिक पुढाऱ्याशी त्याचे बिनसले, १९३२ मध्ये त्याला पक्षातून काढले आणि १९३३ मध्ये काही महिने तुरुंगही घडला. पण सुटल्यावर त्याच राजवटीने त्याला काम दिले. १९३६ पासून विमानखात्याच्या पैशावर लिंडाऊ येथे तो विमान-इंजिनांच्या झडपा आणि सील यांवर संशोधन करत होता. १९४० मध्ये त्याने एस.एस. संघटनेतील हुद्दाही स्वीकारला; दोन वर्षांनी तो गेला. १९४५ मध्ये फ्रेंच सैन्याने त्याची कार्यशाळा मोडून टाकली आणि त्याला कैदेत ठेवले.

वयाच्या पन्नाशीला टेकलेला हा माणूस पुन्हा शून्यातून उठला. १९५१ मध्ये एन.एस.यू. कंपनीशी त्याचा करार झाला आणि फेब्रुवारी १९५७ मध्ये त्याचे इंजिन प्रथम फिरले. त्यात आतला त्रिकोण आणि बाहेरची पोकळी दोन्ही फिरत. चाल अतिशय मऊ, पण रचना किचकट. कंपनीचे अभियंता हान्स डीटर पाश्के यांनी बाहेरची पोकळी स्थिर करून सोपे इंजिन बनवले. वांकेलला ते मुळीच रुचले नाही, पण जगात चालले ते पाश्के यांचेच रूप.

१९६४ मध्ये एन.एस.यू.ची ‘स्पायडर’ आणि १९६७ मध्ये ‘आर.ओ. ८०’ बाजारात आली. दुसरीला युरोपातील वर्षाची सर्वोत्तम मोटार हा मान मिळाला. पण सील लवकर झिजू लागले, गिऱ्हाइकांना इंजिनेच्या इंजिने बदलून देता देता कंपनी खचली आणि १९६९ मध्ये फोक्सवॅगनच्या पदरात गेली.

सीलांचे कोडे बऱ्याच अंशी सोडवले ते हिरोशिमाच्या माझदाने. केनिची यामामोतो यांच्या हाताखाली ४७ अभियंते या कामाला जुंपले होते. सीलांच्या कंपनाने पोकळीच्या भिंतीवर जे ओरखडे उठत, त्यांना ते सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हणत. १९६७ मध्ये त्यांची ‘कॉस्मो स्पोर्ट’ रस्त्यावर आली. नंतर १९७३ चे तेलसंकट आले. या इंजिनाला पेट्रोल जास्त लागते, त्यामुळे बड्या कंपन्यांनी हात आखडते घेतले. आखातात अरब किनाऱ्यावरचे पहिले तेल १९३२ मध्ये आपल्याच बेटावर, जेबेल दुखानला, लागले होते. त्याच आखाती तेलाचे भाव भडकले आणि वांकेलच्या इंजिनाचे नशीब फिरले. माझदाने मात्र चिकाटी सोडली नाही. १९७८ मध्ये आर.एक्स.-७ आणली आणि १९९१ मध्ये ल मान्सची २४ तासांची शर्यत याच जातीच्या इंजिनावर जिंकली.

तो विजय पाहायला वांकेल नव्हता. म्युनिकच्या तंत्रविद्यापीठाने १९६९ मध्ये त्याला सन्माननीय डॉक्टरेट दिली होती. हक्कांच्या विक्रीतून अमाप पैसा मिळाला, त्यातून त्याने प्राण्यांचा छळ टाळणाऱ्या संशोधनासाठी पारितोषिक ठेवले. ९ ऑक्टोबर १९८८ रोजी हायडेलबर्ग येथे त्याचे निधन झाले.

आता आपल्या हौशी खरेदीदाराकडे वळू. ज्या टोकांशी वांकेल आयुष्यभर झुंजला, तीच टोके गाडी घेताना तपासायची आहेत. प्रत्येक त्रिकोणाच्या तिन्ही बाजूंचा दाब वेगवेगळा मोजावा लागतो आणि त्याला खास मापक लागतो; साध्या मापकावर भागत नाही. इंजिन चांगले तापवून, बंद करून पुन्हा सुरू होते का, ते पाहावे. सील झिजले असले तर गरम इंजिन हटकून कुरकुरते. थोडे वंगण तेल ते मुद्दामच जाळते, कारण सीलांना ओल हवी. म्हणून तेलाची पट्टी वरचेवर पाहावी. इंजिन सुरू करून, गाडी दोन हात सरकवून लगेच बंद करू नये, पेट्रोल साचून ते गुदमरते. आणि आपल्या जुलै-ऑगस्टच्या उन्हात रेडिएटर आणि त्याच्या नळ्या निर्दोष हव्यात, कारण हे इंजिन एकदा अति तापले की दुरुस्ती मोठीच निघते.

एवढे पाहून गाडी उतरली तर खुशाल घ्यावी, आणि दुरुस्तीसाठी चार दिनार बाजूला ठेवावेत. स्वस्तात मिळालेल्या गाडीची राहिलेली किंमत याच सीलांवर मोजावी लागते.