मास्टर दीनानाथ : सतराव्या वर्षी उभी केलेली कंपनी

कलेच्या क्षेत्रात लहान वयात नाव मिळविणारे पुष्कळ होऊन गेले. परंतु ज्या वयात आपण बारावीच्या निकालाची वाट पाहतो, त्या वयात स्वतःच्या मालकीची नाटक कंपनी काढून गावोगाव तिचे बिऱ्हाड हलविणारा कलावंत विरळाच. मास्टर दीनानाथ मंगेशकर हे असे कलावंत होत. आज त्यांची ओळख बहुधा लता मंगेशकरांचे वडील म्हणूनच करून दिली जाते. त्यांचे स्वतःचे आयुष्य मात्र आपल्यासारख्या तरुणांनी मुद्दाम समजून घ्यावे असे आहे.

याला एक कारण आहे. लग्नसराईत किंवा गणपतीच्या दिवसांत आपल्या टेंभुर्णीच्या परिसरात फिरले, तर डीजे लावणारी मुले सतरा-अठरा वर्षांचीच दिसतात. कोणी सामान भाड्याने आणतो, कोणी उसनवारी करून स्पीकर घेतो. कोणी बँडमध्ये वाजवतो, तर कोणी ऑर्केस्ट्रात गातो. हा पोरखेळ की पोटाचा धंदा, हा प्रश्न त्यांच्या घरी रोज निघतो. गाण्याबजावण्यावर जगावे काय, आणि जगायचे तर सुरुवात कशी करावी, हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीही होता. दीनानाथांनी त्याचे उत्तर स्वतःच्या आयुष्याने दिले. त्या उत्तराची एक बाजू उजळ आहे, तर दुसरी करुण.

दीनानाथांचा जन्म २९ डिसेंबर १९०० रोजी गोव्यात मंगेशी येथे झाला. त्या वेळी गोव्यावर पोर्तुगीजांचे राज्य होते. आई येसूबाई या देवळात गायनसेवा करणाऱ्या समाजातल्या, तर वडील श्रीमंगेशाच्या देवळातले पुजारी. समाजाच्या रूढीप्रमाणे वडिलांचे आडनाव त्यांच्या वाट्याला आले नाही. तेव्हा त्यांनी आपल्या गावाचेच नाव लावले आणि ते मंगेशकर झाले. ज्याला घराण्याचे नाव मिळाले नाही, त्याने पुढे गावाचे नाव घरोघर पोहोचविले.

गाण्याचे संस्कार आईकडून झाले. वयाच्या पाचव्या-सहाव्या वर्षीच बाबा माशेलकर यांच्याकडे त्यांची रीतसर तालीम सुरू झाली. पुढे ग्वाल्हेर गायकीचे थोर गवई रामकृष्णबुवा वझे यांचाही लाभ त्यांना झाला. हे नीट लक्षात घेतले पाहिजे. दीनानाथ लहान वयात रंगभूमीवर आले हे खरे, पण ते कच्चे आले नाहीत. लोकांसमोर उभे राहण्याआधी त्यांचा गळा कित्येक वर्षे घासला गेला होता.

त्या काळी मराठी संगीत रंगभूमी भरात होती. किर्लोस्कर नाटक मंडळी ही त्यांतील मानाची कंपनी. परंतु १९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी ती सोडली व गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. किर्लोस्कर मंडळीला गोड गळ्याच्या नव्या मुलाची गरज होती. पुढे दीनानाथ या मंडळीत दाखल झाले. स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करीत असत, त्यामुळे देखणा चेहरा आणि तीन सप्तकांत फिरणारा गळा असलेल्या या मुलाकडे स्त्रीभूमिका आल्या.

कंपनीतले जीवन म्हणजे एक प्रकारची शाळाच होती. सगळ्यांनी एकत्र राहावयाचे, एका पंगतीत जेवावयाचे, दिवसा तालमी करावयाच्या आणि रात्री रंगास उभे राहावयाचे. ध्वनिक्षेपक नव्हता. ऑर्गन आणि तबल्याच्या साथीत आवाज शेवटच्या रांगेपर्यंत आपल्या छातीच्या जोरावर पोहोचवावा लागे. प्रेक्षक खूष झाले की वन्समोअर देत आणि तेच पद पुन्हा गावे लागे. आज बटण फिरविले की आवाज वाढतो. त्या काळी तो रियाजाने वाढवावा लागत असे. समोरचा समुदाय कशाने डोलतो आणि कशाने कंटाळतो, हे दीनानाथ येथेच शिकले.

१९१८ साली त्यांनी किर्लोस्कर मंडळी सोडली आणि बळवंत संगीत मंडळी स्थापन केली. त्या वेळी त्यांना अठरावे वर्षही पुरे झाले नव्हते. पण ते एकटे नव्हते. चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे हे त्यांचे भागीदार होते. चिंतामणरावांचा जन्म १८९१ चा, म्हणजे ते वयाने बरेच मोठे आणि रंगभूमीचा व्यवहार जाणणारे नट. त्यांनी लिहिलेले ‘बहुरूपी’ हे आत्मचरित्र पुढे साहित्य अकादमीच्या पुरस्काराला पात्र ठरले. गळा दीनानाथांचा आणि अनुभव चिंतामणरावांचा, असा हा मेळ होता.

नव्या कंपनीला नवे नाटक हवे असते. राम गणेश गडकरी यांचे ‘भावबंधन’ बळवंत मंडळीला मिळाले. ते पुरे होताच, २३ जानेवारी १९१९ रोजी गडकऱ्यांचे निधन झाले. नाटककार गेला, पण नाटक गाजले. त्यात दीनानाथांनी लतिकेची भूमिका केली. थोरल्या मुलीचे ‘लता’ हे नाव या लतिकेवरूनच पडले, हे सर्वांना ठाऊक आहे.

गाण्यात त्यांनी कोणाची नक्कल केली नाही. बालगंधर्वांच्या मधुर गायकीने सारा महाराष्ट्र वेडा झाला असताना त्यांच्याच वाटेने जाणे सोपे होते. दीनानाथांनी तसे केले नाही. वीज चमकावी तशी तान आणि पंजाबी वळणाची फिरत हे त्यांचे विशेष. ‘मानापमाना’तला धैर्यधर त्यांनी आपल्या ढंगाने गाऊन दाखविला. वीर वामनराव जोशी यांच्या ‘रणदुंदुभी’तील आणि स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या ‘संन्यस्त खड्ग’ (१९३१) मधील त्यांची पदे घरोघर गेली. त्यांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या, आणि ज्यांनी त्यांना रंगमंचावर कधी पाहिले नाही, त्यांच्याही कानी तो आवाज पोहोचला.

आता दुसरी बाजू. गायक-नट असणे निराळे आणि मालक असणे निराळे. पडदे, कपडे, साथीदार, आचारी, प्रवास या सर्वांचा खर्च रोजचा असतो; उत्पन्न मात्र खेळ लागेल त्या रात्रीपुरते. अशात १९३१ साली ‘आलम आरा’ हा पहिला बोलपट आला आणि १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ मराठीत बोलू लागला. थोड्या पैशांत तीच करमणूक मिळू लागल्यावर प्रेक्षक तिकडे वळला. १९३३ मध्ये बळवंत मंडळीने विश्राम बेडेकरांचे ‘ब्रह्मकुमारी’ रंगभूमीवर आणले, तरी ओहोटी थांबली नाही. काळाबरोबर जावे म्हणून भागीदारांनी ‘कृष्णार्जुन युद्ध’ (१९३४) हा बोलपट काढला. त्यातही हात पोळले. सांगलीचे वैभव गेले, कर्ज राहिले, प्रकृती ढासळली. २४ एप्रिल १९४२ रोजी पुण्यात दीनानाथांचा अंत झाला. वय अवघे एकेचाळीस. मागे पत्नी आणि पाच लहान मुले. थोरली लता बारा वर्षांची. घर चालविण्यासाठी तिला लगेच चित्रपटात उभे राहावे लागले. वडिलांनी तिच्यासाठी पैसा ठेवला नव्हता, पण तालीम ठेवली होती. त्या तालमीवर ते घर तरले.

मग दीनानाथांनी सतराव्या वर्षी कंपनी काढली ही चूक होती काय? मला तसे वाटत नाही. त्यांनी वाट पाहिली असती, तर संगीत रंगभूमीचे उरलेले बहराचे दिवसही हातचे गेले असते. सुरुवात लवकर करण्यात धोका नाही. विद्येवाचून सुरुवात करण्यात आहे, आणि काळ बदलला तरी हिशेबाची जुनीच वही पुढे ओढण्यात आहे. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरात कॉलेजची पायरी प्रथमच चढली गेली आहे. नुकसान सोसण्याइतकी शिल्लक आपल्या घरी नसते. म्हणून डीजेचे सामान घेणाऱ्या मित्राने आधी ताल, लय आणि आवाजाचे शास्त्र शिकावे, जाणता भागीदार जोडावा, आणि लग्नसराई संपल्यावर हप्ता कोठून भरावयाचा याचा हिशेब मांडावा. त्याला घाबरवून घरी बसविणे मात्र बरे नव्हे.

विलेपार्ल्याच्या नाट्यगृहाला आणि पणजीच्या कला अकादमीतील नाट्यगृहाला आज दीनानाथांचे नाव आहे. त्यांच्या कंपनीचे पडदे कधीच विरून गेले. पाचव्या वर्षापासून घोटलेला सूर मात्र तबकड्यांवर अजून ऐकू येतो.