विश्लेषण : शिरूर-दौंडच्या नकाशाचे गणित आणि हिंगणघाटला विसावलेले लॅम्बटन

शिरूर किंवा दौंड तालुक्यात जमिनीची मोजणी निघाली, की आता साखळीऐवजी रोव्हर दिसतो. उपग्रहांचे संकेत घेऊन तो काही सेंटिमीटरच्या अचूकतेने जागा सांगतो. पण तेच अक्षांश-रेखांश सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या नकाशावर तसेच टाकले, तर बिंदू शंभर मीटरहून अधिक सरकलेला दिसतो. संगणकावर काढलेले क्षेत्र सातबाऱ्याशी जुळत नाही, अशीही तक्रार असते. दर वेळी शेजाऱ्याने बांध कोरलेला असतोच असे नाही. गोल पृथ्वी सपाट कागदावर कोणत्या पद्धतीने आणली, म्हणजे प्रक्षेपण कोणते वापरले, यावर बरेच अवलंबून असते. त्याही आधी पृथ्वी नेमकी किती गोल मानली, हा प्रश्न येतो. भारतात हा प्रश्न मोजून सोडवायला घेणारे विल्यम लॅम्बटन यांचा मृत्यू आपल्याच राज्यात, वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाटला झाला.

लॅम्बटन कोण होते?

इंग्लंडच्या यॉर्कशायरमधील साध्या घरातला हा गणिताची आवड असलेला मुलगा सैन्यात गेला. उमेदीची बरीच वर्षे उत्तर अमेरिकेत गेली आणि तिथेच सीमामोजणीचे काम हाताला लागले. भारतात ते आले चाळिशी ओलांडल्यावर. १७९९ मध्ये टिपू सुलतानाविरुद्धच्या मोहिमेत रात्री चाललेली तुकडी उलट दिशेने, थेट शत्रूच्या छावणीकडे जात असल्याचे त्यांनी ताऱ्यांवरून ओळखले, असे सांगितले जाते.

युद्ध संपताच त्यांनी दक्षिण भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा प्रस्ताव मांडला. रस्ते आणि किल्ले कागदावर आणणे हा त्याचा अर्धाच भाग होता. उरलेल्या अर्ध्यात पृथ्वीचा आकार मोजायचा होता. श्रीरंगपट्टणला जायचे तर पालखीच्या भोयांना सांगितले की झाले, त्यासाठी नकाशा कशाला, असा एका अधिकाऱ्याचा आक्षेप होता म्हणे. खर्चाच्या फायली तेव्हाही अशाच अडायच्या! शेवटी मंजुरी मिळाली.

साडेसात मैलांची पहिली रेघ

१० एप्रिल १८०२ रोजी मद्रासच्या सेंट थॉमस माउंटजवळ १०० फुटी पोलादी साखळीने सुमारे साडेसात मैलांची पायारेषा मोजायला सुरुवात झाली. त्याला दीड महिना लागला. उन्हाने साखळी लांबते, म्हणून तापमानाची नोंद ठेवून लांबी दुरुस्त करावी लागे. एकदा ही एक बाजू पक्की झाली, की पुढे फक्त कोन मोजायचे. त्रिकोणाची एक बाजू आणि कोन माहीत असले, तर उरलेल्या बाजू गणिताने निघतात आणि त्यातली एक बाजू पुढच्या त्रिकोणाचा पाया होते.

कोन मोजायचे यंत्र, थिओडोलाइट, अर्धा टन वजनाचे होते. इंग्लंडहून येताना ते फ्रेंचांच्या हाती लागून मॉरिशसला पोहोचले होते. तिथून ते परत मिळाले. १८०८ मध्ये तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरावर चढवताना दोर तुटला, यंत्र भिंतीवर आदळले आणि त्याची वर्तुळाकार चकती वाकली. लॅम्बटन यांनी स्वतःला सहा आठवडे तंबूत कोंडून घेतले आणि पाचरी, स्क्रू व दोरकप्प्यांनी चकती पुन्हा गोल केली. नवे यंत्र विलायतेहून यायला वर्षे गेली असती. माझ्या मते त्यांच्या आयुष्यातला खरा पराक्रम हाच.

कन्याकुमारीच्या टोकापासून बिदर परिसरापर्यंत, ७८ अंश पूर्व रेखावृत्ताच्या आसपास, त्यांनी सुमारे १० अंशांचा कंस मोजला. उत्तरेकडे जावे तशी एका अक्षांशाची लांबी किंचित वाढते, म्हणजे पृथ्वी ध्रुवांकडे चपटी आहे, हे त्या आकड्यांतून दिसले. १८१८ मध्ये या कामाला ‘ग्रेट ट्रिग्नोमेट्रिकल सर्व्हे’ हे नाव मिळाले आणि जॉर्ज एव्हरेस्ट हे सहायक म्हणून आले. सत्तरीच्या आसपासचे लॅम्बटन हैदराबादहून नागपूरकडे निघाले असताना २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला वारले. तोवर सुमारे १ लाख ६५ हजार चौरस मैल मुलूख त्यांच्या त्रिकोणांखाली आला होता.

एव्हरेस्ट यांनी कंस मध्य भारतातील सिरोंजजवळच्या कल्याणपूरपर्यंत नेला आणि १८३० मध्ये पृथ्वीचा गणिती आकार ठरवला. त्याला एव्हरेस्ट गोलाभ म्हणतात. गोलाभाला नाव एव्हरेस्ट यांचे, शिखरालाही त्यांचेच. लॅम्बटन यांच्या वाट्याला हिंगणघाटची कबर आली.

आकार ठरला, पण कागद सपाटच

संत्र्याची साल न फाडता सपाट होत नाही. आकार, क्षेत्र, अंतर आणि दिशा यांपैकी काहीतरी सोडावेच लागते. मर्केटर यांच्या १५६९ च्या नकाशात होकायंत्राची एकच दिशा धरून जाणारा मार्ग सरळ रेषेत येतो. खलाशांना तेच हवे होते, पण ध्रुवांकडचे प्रदेश त्यात अवाढव्य होतात. पीक किंवा लोकसंख्या दाखवायला समक्षेत्र प्रक्षेपण लागते. लॅम्बर्ट यांचे शंकू प्रक्षेपण कोन जपते, म्हणून ते विमानोड्डाणाच्या नकाशांना सोयीचे. सर्व्हे ऑफ इंडियाचे जुने नकाशे बहुशंकू प्रक्षेपणात, एव्हरेस्ट गोलाभावर आहेत. शिरूर आणि दौंड ही दोन्ही शहरे ‘४७ जे’ या पत्रकात येतात. आताचे खुले नकाशे मात्र डब्ल्यूजीएस-८४ या उपग्रहकालीन गोलाभावर आहेत. दोन गोलाभांच्या विषुववृत्तीय त्रिज्येत सुमारे ८६१ मीटरचा फरक आहे आणि त्यांचे केंद्रही एका जागी नाही. सुरुवातीला सांगितलेली शंभर मीटरची सरक इथूनच येते. गावनकाशे तर शंकू-साखळीने, गावापुरते मोजलेले.

शेतासाठी कोणते प्रक्षेपण?

उत्तर आहे यूटीएम, विभाग ४३ उत्तर. यात मर्केटरची नळी आडवी करतात आणि ७२ ते ७८ अंश पूर्व एवढीच पट्टी घेतात. पट्टीची मध्यरेषा ७५ अंश पूर्व. शिरूर आणि दौंड तिच्या अगदी जवळ आहेत. उंचीचा परिणाम सोडला, तर इथे एका किलोमीटरमागे ३५ ते ४० सेंटिमीटर आणि एका हेक्टरमागे सात-साडेसात चौरस मीटर कमी भरतात.

वेब मर्केटरचे तसे नाही. मोबाइलवरचे बहुतेक नकाशे याच प्रक्षेपणात दिसतात. त्यांतले क्षेत्र मोजायचे साधन सहसा आपणच दुरुस्ती करते. पण तोच आराखडा जीआयएस सॉफ्टवेअरमध्ये घेऊन वेब मर्केटरच्या सपाट निर्देशांकांवर क्षेत्र काढले, तर आपल्या अक्षांशावर ते ११ टक्क्यांहून अधिक फुगते. ४० गुंठ्यांचे साडेचव्वेचाळीसच्या आसपास होतात. खरेदी-विक्रीच्या बोलणीत हे साडेचार गुंठे किती महाग पडतील, ते पुणे-नगर रस्त्यालगतच्या कोणालाही विचारा.

त्यामुळे कोणी असा आराखडा हातात दिला, तर त्याचा ईपीएसजी क्रमांक विचारा. ३८५७ असेल तर ते वेब मर्केटर, ३२६४३ असेल तर यूटीएम विभाग ४३ उत्तर. हद्दीचा वाद असेल, तर मात्र भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करावा लागतो. स्वतः काढलेल्या आराखड्यावर तो सुटत नाही.