डॉ. लूसी विल्स

माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. लिहिण्याची सवय नाही. पण मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त काही तरी द्याच, असा आग्रह झाला, म्हणून परिचारिका असलेल्या नणंदबाईंकडून ऐकलेले एक चरित्र लिहिते.

लूसीबाईंचा जन्म १८८८ साली इंग्लंडात झाला. केंब्रिजला त्या शिकल्या, पण तेथे तेव्हा बायकांना पदवी देत नसत. पुढे १९२० साली लंडनला त्या डॉक्टर झाल्या.

१९२८ साली त्या मुंबईस आल्या. गिरण्यांत राबणाऱ्या गरीब गरोदर बायका रक्त कमी होऊन खंगत, कित्येक दगावतही. परळच्या हाफकिन संस्थेत बाईंनी शोध सुरू केला. कोणाच्या ताटात काय असते, तेही त्यांनी पाहिले. भाजी-फळ नसलेल्या जेवणाकडे त्यांचा संशय वळला. उंदरांवर व माकडांवर प्रयोग करून त्यांनी यीस्टचा अर्क या बायकांना दिला आणि त्यांचे रक्त भरू लागले. १९३१ साली हा शोध छापून आला. अर्कातले द्रव्य काय, हे तेव्हा कळले नव्हते. त्याला विल्स फॅक्टर म्हणत.

१९४१ साली ते पालकाच्या पानांतून वेगळे काढले. तेच फॉलिक ॲसिड. अंगातली पेशी एकीच्या दोन होताना ते लागते. पोटातले मूल अशानेच वाढते, जखमही नव्या पेशींनीच भरते. ते कमी पडले की तांबड्या पेशी थोड्या व फुगीर होतात. दिवस जाण्याआधीपासून ते घेतल्यास मुलाच्या मज्जारज्जूचे व्यंग पुष्कळ टळते, हे १९९१ साली सिद्ध झाले.

बाई अविवाहित राहिल्या. १९६४ साली त्या वारल्या.

आता घरचे सांगते. पहिल्या खेपेस मळमळते म्हणून दवाखान्यातल्या लाल गोळ्या मी उतरंडीमागे टाकल्या. बाळंतपणानंतर उभे राहवेना. दोन महिने लेकीला माझ्या आईने सांभाळले. आता तीच लेक चौथ्या महिन्यात आहे आणि तिच्याही डब्यात गोळ्या तशाच सापडल्या. रागावले नाही. लूसीबाईंची हकिकत सांगितली. आता रात्री जेवण झाले की माझ्यासमोर गोळी घेते.

तांदुळजा, पालक, हरभऱ्याची भाजी आपल्या रानात आहे. आधी धुवावी, मग चिरावी, फार शिजवू नये. आणि सुनेची गोळी सासूने विचारावी, एवढीच विनंती.