वैद्यकविद्येच्या दाराशी : डॉ. आनंदीबाई जोशी

प्रतिवर्षी दहावीचा निकाल लागला की काही मुले-मुली आपल्या आईवडिलांसह शिक्षकांकडे येतात आणि डॉक्टर होण्यासाठी काय करावे, असे विचारतात. कोणता क्लास लावावा, कोणती पुस्तके घ्यावी, पदार्थविज्ञान कच्चे आहे त्यास उपाय काय, अशी त्यांची पृच्छा असते. हे प्रश्न योग्यच आहेत. परंतु त्यांच्याही आधीचा एक प्रश्न बहुधा कोणी विचारीत नाही. तो हा की, आपणास डॉक्टर कोणासाठी व्हावयाचे आहे? ज्या महाराष्ट्रीय स्त्रीने या प्रश्नाचे उत्तर आधी शोधिले आणि मग वैद्यकविद्येच्या दारावर थाप मारिली, तिचे चरित्र आज विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवावे, असे वाटते.

आनंदीबाईंचे माहेरचे नाव यमुना. कल्याण येथील एका जोशी घराण्यात ३१ मार्च १८६५ रोजी त्यांचा जन्म झाला. नवव्या वर्षी त्यांचा विवाह गोपाळराव जोशी या बिजवराशी झाला. गोपाळराव पोस्टखात्यात कारकून असून वयाने सुमारे वीस वर्षांनी वडील होते. स्वभाव विक्षिप्त, तथापि, बायकोस शिकवू द्यावे, अशी अट त्यांनी लग्नापूर्वीच घातली होती. ज्या काळी मुलीच्या हाती पुस्तक दिसणे म्हणजे कुळास बट्टा अशी समजूत होती, त्या काळची ही गोष्ट आहे. गोपाळरावांनी आपला शब्द पाळिला. परंतु येथे एक कटू सत्यही सांगितले पाहिजे. अभ्यासात हयगय झाली की ते त्या कोवळ्या मुलीवर हात टाकीत. पत्नीस विद्या देणारा हाच पुरुष तिला धाकातही ठेवी. त्यांची चिकाटी घ्यावी, त्यांचा हात मात्र घेऊ नये.

वयाच्या चौदाव्या वर्षाच्या सुमारास आनंदीबाईंना मुलगा झाला. तो अवघे दहा दिवस जगला. योग्य वैद्यकीय मदत वेळेवर मिळाली असती तर तो वाचता, ही खंत त्या बालमातेच्या मनात घर करून राहिली. त्या काळी कुलीन स्त्रिया दुखणे अंगावर काढीत, प्रसंगी प्राण सोडीत, परंतु पुरुष डॉक्टरास नाडी दाखवीत नसत. आणि स्त्री डॉक्टर तर दुर्मिळच. आपणच वैद्यक शिकावे, हा निश्चय या दुःखातून उत्पन्न झाला. त्याच्या मुळाशी मानाची किंवा द्रव्याची इच्छा नव्हती, हे विद्यार्थ्यांनी विशेष ध्यानात ठेवावे.

निश्चय झाला तरी मार्ग कोठे होता? गोपाळरावांच्या बदल्या होत. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता, अशी त्यांची बिऱ्हाडे हलली. प्रत्येक गावी घरकाम सांभाळून आनंदीबाईंचा अभ्यास चाले. मराठीनंतर संस्कृत आणि इंग्रजी त्यांनी मोठ्या परिश्रमाने हस्तगत केली. मुंबईस त्या मिशनच्या एका शाळेत जात. पुस्तके घेऊन पायी चालणारी ब्राह्मण स्त्री पाहून रस्त्यावरचे लोक थांबून हसत. परंतु त्यामुळे त्यांची शाळा सुटली नाही. अमेरिकेतील कॉलेजात इंग्रजीतून व्याख्याने समजण्याची त्यांची जी तयारी दिसली, ती अशी कित्येक वर्षे रोज थोडी थोडी झालेली होती. प्रवेशपरीक्षेपूर्वीच्या चार महिन्यांत सर्व काही साधेल, असे मानणाऱ्यांनी याचा विचार करावा.

कोल्हापुरात असताना, १८७८ मध्ये, गोपाळरावांनी रॉयल वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्यास पत्र लिहून पत्नीच्या शिक्षणासाठी अमेरिकेत साहाय्य मागितले. वाइल्डरसाहेबांनी ते पत्र आपल्या नियतकालिकात छापिले, परंतु उत्तरात ख्रिस्ती धर्म स्वीकारण्याचा आग्रह धरिला. पतिपत्नींस हे मान्य झाले नाही. मी स्वतः ख्रिस्ती असून मला असे वाटते की, कॉलेजच्या प्रवेशासाठी धर्म बदलण्यास ज्यांनी नकार दिला, त्यांनी धर्माचा अधिकच मान राखिला. श्रद्धा ही सवलतीच्या मोबदल्यात द्यावयाची वस्तू नव्हे.

तरीही छापिलेले ते पत्र वाया गेले नाही. अमेरिकेत न्यू जर्सी प्रांतातील रोझेल गावच्या थिओडोशिया कार्पेंटर या बाई १८८० मध्ये दंतवैद्याकडे आपला क्रम येण्याची वाट पाहत बसल्या असता, तो अंक सहज त्यांच्या हाती पडला. एका अनोळखी हिंदी मुलीची विद्येची तळमळ वाचून त्यांचे मन द्रवले आणि त्यांनी पत्र पाठविले. पुढे दोघींचा पत्रव्यवहार वाढला, आणि आनंदीबाईंस परदेशात जणू मावशीचे घर मिळाले.

कलकत्त्याच्या मुक्कामात आनंदीबाईंची प्रकृती ढासळू लागली. अशक्तपणा, डोकेदुखी, मधून मधून ताप आणि धाप यांनी त्या बेजार झाल्या. कार्पेंटरबाईंनी अमेरिकेहून औषधे पाठविली, पण गुण आला नाही. अशा स्थितीत, पती बरोबर नसताना, समुद्र ओलांडून जाण्याचे त्यांनी ठरविले तेव्हा लोकांत मोठा गहजब झाला. मग २४ फेब्रुवारी १८८३ रोजी सेरामपूर येथील कॉलेजच्या सभागृहात त्यांनी आपण अमेरिकेस का जात आहोत, हे इंग्रजीत भाषण करून सर्वांस सांगितले. हिंदुस्थानात स्त्री डॉक्टरांची किती निकड आहे, हे त्यांनी मांडिले; हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असेही स्पष्ट केले. टीका करणाऱ्यांपैकी सर्वांचे समाधान झाले असे नाही. परंतु हेतू उघडपणे सांगितल्यामुळे ठिकठिकाणांहून द्रव्यसाहाय्य येऊ लागले.

७ एप्रिल १८८३ रोजी त्या कलकत्त्याहून आगबोटीने निघाल्या आणि जून महिन्याच्या आरंभी न्यूयॉर्कला पोहोचल्या. त्याच महिन्यात त्यांनी फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाकडे प्रवेशासाठी अर्ज केला. १८५० मध्ये स्थापन झालेली ही संस्था स्त्रियांस वैद्यकाची पदवी देणाऱ्या जगातील अगदी पहिल्या संस्थांपैकी होय. आनंदीबाईंचे तेव्हा वय अठरा. आपल्या अर्जात त्यांनी मोठेपणा मिरविला नाही. प्रवेशाच्या सर्व अटी आपण कदाचित पुऱ्या करू शकणार नाही, हे त्यांनी स्वतःच कबूल केले. जात व आप्त यांचा विरोध पत्करून आपण इतक्या दूर आलो, हा आपला निर्धार लक्षात घ्यावा, अशी विनंती केली. आणि ज्या भगिनी पुरुष डॉक्टराच्या हातून औषध घेण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांच्या सेवेसाठीच ही विद्या हवी, हे सांगितले. आपली उणीव, आपला निर्धार आणि आपला हेतू एवढ्या तीन गोष्टी खऱ्या खऱ्या लिहिणारा तो अर्ज महाविद्यालयाच्या डीन रेचेल बॉडली यांस भावला. प्रवेश मिळाला, शिवाय तीन वर्षांसाठी सहाशे डॉलरांची शिष्यवृत्तीही मिळाली.

फिलाडेल्फियातील कडाक्याची थंडी, परका आहार आणि अभ्यासाचे ओझे यांमुळे मुळातच नाजूक असलेले त्यांचे शरीर पोखरले गेले. क्षयरोगाने त्यांस ग्रासले. तरीही ११ मार्च १८८६ रोजी त्यांनी एम. डी. ही पदवी मिळविली. हिंदू लोकांतील प्रसूतिशास्त्र हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता; त्यात त्यांनी आपल्या जुन्या वैद्यकग्रंथांचाही आधार घेतला. पदवीदानाच्या वेळी पंडिता रमाबाई तेथे उपस्थित होत्या. पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी मिळविणाऱ्या पहिल्या हिंदी स्त्रियांत आनंदीबाईंची गणना होते.

कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रीविभागावर त्यांची नेमणूक केली होती. परंतु १८८६ च्या अखेरीस स्वदेशी परतल्या तेव्हा रुग्णांस तपासण्याऐवजी त्या स्वतःच अंथरुणास खिळल्या होत्या. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुणे येथे त्यांचे देहावसान झाले. बाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यात आली आणि न्यूयॉर्क प्रांतातील पोकीप्सी येथे त्या कुटुंबाच्या दफनभूमीत तिला विसावा मिळाला.

मग हे सारे श्रम व्यर्थ गेले काय? तसे म्हणवत नाही. दोनच वर्षांनी, १८८९ मध्ये, मुंबईच्या रखमाबाई वैद्यक शिकण्यासाठी लंडनला गेल्या. परत आल्यावर सुरत व राजकोट येथे त्यांनी कित्येक वर्षे स्त्रियांची सेवा केली आणि १९५५ मध्ये नव्वद वर्षांच्या होऊन त्या निवर्तल्या. आनंदीबाईंस जे लाभले नाही ते दीर्घायुष्य रखमाबाईंस लाभले, आणि त्यामुळे विद्येचा उपयोग असंख्य रुग्णांस झाला. यातून घ्यावयाचा बोध उघड आहे. रात्र रात्र जागून, उपाशी राहून, दुखणे लपवून अभ्यास करणारा मुलगा शाबासकीस पात्र वाटतो खरा. परंतु रोग्याच्या कामी यावयाचे ते शरीरच त्याने आधी खर्चून टाकिले तर उपयोग काय? झोप, सकस अन्न आणि रोज थोडा व्यायाम हीही प्रवेशाची तयारीच समजावी. मुलाची प्रकृती बिघडत आहे असे दिसताच, गुणांपेक्षा ती मोलाची मानून पालकांनी आधी त्याची दवा करावी.

आज वैद्यकीय प्रवेशासाठी समुद्र ओलांडावा लागत नाही. आपल्या छत्रपती संभाजीनगरातच १९५६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्याचे रुग्णालय सर्वांस घाटी या नावाने ठाऊक आहे. प्रवेशाचा मार्ग आता नीट परीक्षेतून जातो. त्यासाठी पदार्थविज्ञान, रसायन आणि जीवशास्त्र यांचा पाया अकरावीपासूनच, किंबहुना आठवी-नववीपासूनच, पक्का करावा लागतो. पाठांतरापेक्षा समजून घेण्यावर भर द्यावा, आणि जे कळले नाही ते शिक्षकांस निःसंकोचपणे सांगावे. आनंदीबाईंनी आपली उणीव कॉलेजच्या अधिकाऱ्यांसही सांगितली होती. या परीक्षेत हेतू विचारीत नाहीत, तो ज्याचा त्याने स्वतःस विचारावयाचा आहे. त्यासाठी एखाद्या सकाळी मोठ्यांबरोबर घाटीत जावे, आणि खेड्यापाड्यांतून आलेली माणसे केसपेपर हाती धरून रांगेत कशी उभी असतात, ते शांतपणे पाहावे. त्या रांगेतील एखाद्या आजीबाईचा चेहरा घरी आल्यावरही डोळ्यांपुढून हलला नाही, तर आपला प्रश्न सुटला असे समजावे व अभ्यासास लागावे. आणि एवढे करूनही प्रवेश हुकलाच, तरी खचू नये. त्या रांगेतील माणसांस परिचारिका लागते, औषधे देणारा लागतो, रक्त तपासणारा लागतो. सेवेची इच्छा खरी असेल, तर तिला जागा मिळाल्यावाचून राहत नाही.