कलामहर्षी बाबूराव पेंटर : चित्रपटकलेचे आद्य शिक्षक

अनगोळहून महामार्गाला लागले की निपाणी, कागल करीत आपण कोल्हापुरात पोचतो. अंबाबाईच्या दर्शनाला, पाहुण्यारावळ्यांकडे, लग्नकार्याला आपल्यापैकी बहुतेकांचे तिकडे जाणे-येणे असते. त्याच गावात खरी कॉर्नरला एक कॅमेरा स्तंभ आहे. शेजारून आपण अनेकदा गेलो असू, पण तो कोणाची आठवण म्हणून उभा आहे हे आपल्या मुलांना क्वचितच सांगितले असेल. म्हणून हा परिचय.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म 3 जून 1890 रोजी कोल्हापुरात झाला. वडील कुशल कारागीर. सुतारकाम, लोहारकाम, मूर्तिकाम, चित्रकला सारे घरातच. बाबूरावांचे शाळेतील शिक्षण फारसे झाले नाही. हातात ब्रश आला तो वडिलांमुळे आणि चुलतभाऊ आनंदराव यांच्या सोबतीमुळे. त्या काळी संगीत नाटक मंडळ्यांना रंगवलेले पडदे लागत. या दोघा भावांचे पडदे इतके गाजले की मेस्त्री हे आडनाव मागे पडले आणि लोक त्यांना पेंटर म्हणू लागले.

1913 साली दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला आणि दोघा भावांना चित्रपटाचा ध्यास लागला. विलायती कॅमेरा घेण्याइतका पैसा नव्हता, तेव्हा तो आपणच घडवायचा असे ठरले. काम अर्धवट असतानाच 1916 मध्ये आनंदराव वारले. दुसरा कोणी असता तर तेथेच थांबला असता. बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांना हाताशी धरून दोन वर्षांत कॅमेरा पुरा केला. याच काळात ‘महाराष्ट्र फिल्म कंपनी’ उभी राहिली. तिला भांडवल दिले ते गायिका तानीबाई कागलकर यांनी. आयुष्यभर कर्जाचे कागद तपासलेल्या माझ्यासारख्याला याचे फार नवल वाटते. त्या बाईंनी तारण म्हणून फक्त माणसाची कला पाहिली.

कंपनीचा पहिला चित्रपट ‘सैरंध्री’ 1920 मध्ये पुण्यात प्रदर्शित झाला. ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामतीची भूमिका पुरुषाने केली होती. बाबूरावांनी मात्र स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनाच दिल्या. त्या काळात हे धाडसच होते. लोकमान्य टिळकांनी त्यांना ‘सिनेमा केसरी’ म्हणून गौरविले. 1923 च्या ‘सिंहगड’मध्ये त्यांनी कृत्रिम प्रकाशात चित्रण केले. 1925 चा ‘सावकारी पाश’ नारायण हरी आपटे यांच्या कथेवर आधारलेला होता. सावकाराच्या कागदात अडकून जमीन गमावणारा शेतकरी त्यांनी पडद्यावर आणला. देवादिकांच्या कथा पाहायला सरावलेल्या प्रेक्षकांना तो तेव्हा पचला नाही. आज मात्र भारतीय वास्तववादी चित्रपटाची सुरुवात सांगताना प्रथम त्याचेच नाव घेतले जाते.

पण या लेखाचा खरा विषय बाबूरावांचे चित्रपट नाहीत, त्यांची शिकवण आहे. चित्रपट शिकवणारी शाळा तेव्हा आपल्या देशात नव्हती. पाठ्यपुस्तक नव्हते, परीक्षा नव्हती. कंपनीचे आवार हाच वर्ग. बाबूराव प्रसंग आधी कागदावर रेखाटत. पात्राचा पोशाख, दागिने, वाड्याचे खांब, उजेड कोठून पडायचा, सारे त्या रेखाटनात असे. नुसत्या रंगवलेल्या पडद्याऐवजी ते सुतारकामाचे भरीव नेपथ्य उभारीत. जाहिरातीचे फलकही स्वतः रंगवीत. त्यामुळे तेथे येणारा मुलगा एकच काम शिकत नसे. पडेल ते काम करता करता साऱ्या कामांची त्याला ओळख होई.

दामले तेथे कॅमेरा शिकले. साहेबमामा फत्तेलाल चित्रकलेतून चित्रपटाकडे वळले. 1920 च्या सुमारास शांताराम वणकुद्रे नावाचा तरुण आला. पडेल ते काम करीत ‘सुरेखा हरण’मध्ये तो कृष्ण झाला, ‘सिंहगड’मध्ये शेलारमामा झाला आणि ‘सावकारी पाश’मध्ये तरुण शेतकरी झाला. पुढे जगाने त्याला व्ही. शांताराम म्हणून ओळखले.

शिष्य तयार झाले की ते गुरूचे घर सोडून जातातच. 1 जून 1929 रोजी शांताराम, दामले, फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सीताराम कुलकर्णी यांनी कोल्हापुरातच ‘प्रभात फिल्म कंपनी’ स्थापन केली. एका वेळी कंपनीचे हातपायच गेले म्हणा ना! पुढे थोड्याच वर्षांत महाराष्ट्र फिल्म कंपनी बंद पडली. बाबूरावांनी नंतर ‘उषा’सारखे बोलपट केले, ‘सावकारी पाश’ही पुन्हा काढला, पण पूर्वीचे वैभव परतले नाही. ते चित्रे आणि शिल्पे करीत राहिले.

शिष्य मात्र त्यांना विसरले नाहीत. 1947 मध्ये शांताराम यांच्या ‘राजकमल’ने ‘लोकशाहीर राम जोशी’ काढला. त्याच्या दिग्दर्शनाला बाबूरावांचे नाव आहे. 16 जानेवारी 1954 रोजी बाबूराव वारले.

‘प्रभात’ 1933 मध्ये पुण्याला गेली होती. तेथे दामले-फत्तेलाल यांनी ‘संत तुकाराम’ केला आणि 1937 मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात तो गौरविला गेला. ‘प्रभात’ बंद पडल्यावर तिच्या त्याच जागेत भारत सरकारने 1960 मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट सुरू केली. म्हणजे आज देशभरातील पदवीधर मुले प्रवेश परीक्षा देऊन जेथे चित्रपट शिकतात, ते आवार बाबूरावांच्या शिष्यांनी उभारलेले आहे. ती संस्था पाहायला बाबूराव नव्हते.

बँकेत असताना शैक्षणिक कर्जाचे अर्ज माझ्याकडे येत. इंजिनिअरिंगचा अर्ज मी लगेच पुढे सरकवी. एकदा एक मुलगा चित्रपटाच्या अभ्यासक्रमाचे पत्र घेऊन आला, तेव्हा मी त्याच्या वडिलांना बाजूला घेऊन, नीट विचार करा, असे सांगितले. ते दोघे पुन्हा आले नाहीत. बाबूरावांचे चरित्र वाचताना तो मुलगा मला वारंवार आठवला.

आपल्या मंडळातल्या कोणाच्या घरी असे एखादे मूल असेल, तर पुढच्या कोल्हापूर फेरीत त्याला खरी कॉर्नरला जरूर घेऊन जा. कॅमेरा विकत घेता आला नाही म्हणून तो घडवणाऱ्या माणसाची गोष्ट त्याला तेथे उभे राहून सांगा. मग काय शिकायचे ते त्याला ठरवू द्या.