म. बसवेश्वर आणि कल्याणचा शरणमेळा



हुमनाबादहून बसवकल्याणला जाणाऱ्या गाडीत बसावे आणि थोडा वेळ नुसते ऐकत राहावे. पुढच्या बाकावर कन्नड चालू असते, मागे मराठी, आणि वाहकाशी तिकिटाची घासाघीस दखनी उर्दूत. कित्येकदा एकच माणूस तिन्ही भाषा बोलतो. हा मुलूख असाच आहे. १९५६ पर्यंत बीदर, भालकी, कल्याण आणि उदगीर, निलंगा, अहमदपूर हे सारे हैदराबाद राज्यातील एकाच बीदर जिल्ह्यात होते. भाषावार प्रांतरचना झाली, अर्धे तालुके इकडे आले, अर्धे तिकडे गेले. सोयरिकी, बाजार आणि जत्रा मात्र कोणी वाटून घेतल्या नाहीत.

महात्मा बसवेश्वरांचे चरित्र वाचताना ही भूमी ध्यानात ठेवावी लागते. त्यांची उमेदीची वर्षे मंगळवेढ्यात गेली, ते आज महाराष्ट्रात आहे. त्यांचे मोठे कार्य कल्याणला घडले, ते आज कर्नाटकात आहे. त्यांना आपण कोणत्या प्रांताचे म्हणणार?

बसवण्णांचा जन्म बागेवाडीचा. बहुतेक अभ्यासक जन्मवर्ष इ.स. ११३१ मानतात, काही जण ११०५ धरतात. वडील मादरस हे अग्रहाराचे प्रमुख, आई मादलांबिका. मुंजीच्या वेळी थोरल्या बहिणीला, अक्कनागम्माला, हा संस्कार का नाही असे मुलाने विचारले आणि जानवे नाकारून घर सोडले, ही कथा आपल्या घरांतील लहान मुलांनाही पाठ आहे. पुढील अध्ययन कृष्णा-मलप्रभेच्या संगमावर, कूडलसंगम क्षेत्री झाले. तेथून ते मंगळवेढ्यास आले. मामा बलदेव हे बिज्जळाच्या दरबारी मंत्री होते. त्यांच्या कन्येशी, गंगांबिकेशी, बसवण्णांचा विवाह झाला. हिशेबनिसाच्या जागेपासून त्यांनी राजसेवा सुरू केली आणि चोख कारभारामुळे ते भांडाराचे प्रमुख झाले. बिज्जळाने चालुक्यांची सत्ता बळकावली, ११६२ च्या सुमारास तो स्वतंत्र सम्राट म्हणून मिरवू लागला, आणि बसवण्णा कल्याणचे महामंत्री झाले.

त्या कल्याणचे एक विशेष सांगितले पाहिजे. सहाव्या विक्रमादित्याच्या काळी, म्हणजे बसवण्णांच्या आधी जेमतेम दोन पिढ्या, याच नगरीत विज्ञानेश्वरांनी याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा टीका लिहिली. हे विज्ञानेश्वर आपल्या कलबुर्गी जिल्ह्यातील मर्तूरचे मानले जातात. वारसा, विवाह, वर्ण यांचे नियम सांगणारा हा ग्रंथ पुढे देशाच्या बहुतेक भागांत प्रमाण ठरला. ज्या गावात कोणी कोणाशी कोणते नाते जोडावे हे इतक्या बारकाईने लिहिले गेले, त्याच गावात बसवण्णांना नाती जोडायची होती.

त्यांच्या महामनेत कोण कोण आले हे पाहिले म्हणजे आश्चर्य वाटते. मडिवाळ माचिदेव परीट, अंबिगर चौडय्या नावाडी, हडपद अप्पण्णा नाभिक, नुलिय चंदय्या दोर वळणारे. डोहर कक्कय्या कातडी कमावणारे, त्यांना आजही सोलापूरकडचा ढोर समाज आपला आद्यपुरुष मानतो. मोळिगेय मारय्या मोळी विकत, ते पूर्वी काश्मीरचे राजे होते असे परंपरा सांगते. सोन्नलिगेहून, म्हणजे आपल्या सोलापूरहून, सिद्धरामेश्वर आले. स्त्रियाही होत्या: अक्कमहादेवी, सूत कातणारी कदिरे रेम्मव्वे, देहविक्रय करून जगलेली सूळे संकव्वा. त्या काळातील तीसहून अधिक स्त्रियांची वचने आज उपलब्ध आहेत.

अनुभवमंटपाचे जे सविस्तर चित्र आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते, ते मुख्यत्वे पंधराव्या शतकातील शून्यसंपादनेने रेखाटलेले आहे. मंटपाची वास्तू कशी होती, कोठे होती यावर अभ्यासक वाद घालतात, त्यांनी तो घालावा. माझ्या दृष्टीने महत्त्वाचा पुरावा वचनांच्या शेवटी आहे. प्रत्येक वचनाच्या अखेरीस शरणाची स्वतःची मुद्रा येते. बसवण्णांची कूडलसंगमदेव, अल्लमप्रभूंची गुहेश्वर, सिद्धरामांची कपिलसिद्ध मल्लिकार्जुन. नावाडी चौडय्यांनी तर देवाचे नाव न घालता आपलेच नाव मुद्रा म्हणून घातले. महामंत्र्याच्या पंक्तीला जेवणारा माणूस महामंत्र्याच्या नावाने बोलत नव्हता. तो आपल्या नावाने बोलत होता, आपल्या धंद्यातले दाखले देत होता, आणि तेही संस्कृतात नव्हे, घरच्या बोलीत.

दान देऊन माणसे गोळा करणे सोपे असते. भांडाराची किल्ली हाती असलेल्याला तर फारच सोपे. बसवण्णा राजाचा पैसा जंगमांवर उधळतात अशी चुगली बिज्जळाकडे झाली आणि हिशेब तपासल्यावर पैनपै जुळली, ही कथा आपण अभिमानाने सांगतो. पण मला तिच्याहून आय्दक्की मारय्यांची कथा मोठी वाटते. मारय्यांचे कायक म्हणजे सांडलेले तांदूळ वेचणे. एके दिवशी बसवण्णांनी मुद्दाम जास्त तांदूळ सांडून ठेवले असे सांगतात. मारय्या ते भरून घरी घेऊन आले. पत्नी लक्कम्माने पाहिले आणि गरजेपुरते सोडून बाकीचे परत टाकून यायला लावले. आपल्या श्रमाबाहेरचे, कोणी दयेने दिलेले, तिला नको होते. राज्यातील दुसऱ्या क्रमांकाच्या माणसाचे औदार्य तांदूळ वेचणाऱ्या बाईने परत पाठवले, आणि त्याने ते मुकाट्याने परत घेतले. कायक आणि दासोह हे दोन शब्द आपण एका दमात उच्चारतो. पण आधी कायक येते ते यासाठी: ज्याच्या हाताला स्वतःचे काम आहे तोच कोणाचा मिंधा न होता पंक्तीत बसू शकतो.

आसनाची गोष्टही तशीच. मंडपातील शून्यसिंहासनावर बसवण्णा स्वतः बसले असते तर कोण आड येणार होते? घर त्यांचे, नगरीवर हुकूम त्यांचा. शून्यसंपादनेत असे येते की अल्लमप्रभू सिद्धरामांसह दारी आले तेव्हा बसवण्णा इष्टलिंगपूजेत मग्न होते आणि सामोरे गेले नाहीत. प्रभूंनी त्याबद्दल भर सभेत त्यांना कडक बोल सुनावले. बसवण्णांनी चूक कबूल केली आणि ज्यांनी दोष दाखवला त्यांनाच त्या आसनावर बसवले. अल्लमप्रभू मंदिरात मद्दले वाजवणाऱ्या घराण्यातले.

हे सारे कल्याणमध्ये काही वर्षे चालले. एकत्र बसणे, एकत्र जेवणे, एकमेकांना शरणु म्हणणे. कर्मठांची कुरकुर होती, पण बिज्जळाने ते खपवून घेतले. मग मधुवरस आणि हरळय्या यांनी व्याही व्हायचे ठरवले. मधुवरस जन्माने ब्राह्मण, हरळय्या चर्मकार. दोघेही शरण, दोघांच्याही गळ्यात लिंग. मुलगी मधुवरसांची, मुलगा हरळय्यांचा. स्मृतींच्या भाषेत हा प्रतिलोम संबंध, सर्वांत निषिद्ध. पंगत चालली होती, सोयरीक चालली नाही. मधुवरस व हरळय्या यांना हत्तीच्या पायी देऊन मारले असे परंपरा सांगते.

येथे थोडे थांबून आपल्याकडे पाहतो, वाचकांनी राग मानू नये. आपण बसवजयंतीला हरळय्यांचे नाव घेतो, आणि घरी मुलीसाठी स्थळ आले की पहिला प्रश्न पोटजातीचा विचारतो. पंचम की दीक्षावंत, कुठल्या मठाचे, हे ठरल्याशिवाय पत्रिका पुढे सरकत नाही. मीही माझ्या घरच्या एका लग्नात हाच प्रश्न विचारलेला आहे.

त्या विवाहानंतर कल्याण फुटले. बिज्जळाने ११६७ मध्ये राज्य मुलाकडे, सोविदेवाकडे सोपवले आणि लवकरच त्याचा अंत झाला. त्याच्या वधाच्या कथा जैन आणि वीरशैव ग्रंथांत एकमेकींना छेद देतात. शरण दाही दिशांना पांगले. चन्नबसवण्णांबरोबरचा मेळा वचनांचे गाठोडे घेऊन उळवीच्या जंगलाकडे गेला, आणि पाठलागावर आलेल्या सैन्याला मडिवाळ माचिदेवांनी अडवले असे सांगतात. कक्कय्यांनी देह ठेवला तो बेळगाव जिल्ह्यातील कक्केरीला. आपल्या नांदेड जिल्ह्यातील कंधारला उरिलिंगदेवांच्या गादीवर त्यांचे शिष्य उरिलिंगपेद्दी बसले, ते अस्पृश्य मानलेल्या जातीतले. त्यांच्या पत्नी काळव्वे यांचीही वचने आहेत.

बसवण्णा कूडलसंगमला परतले. ज्या संगमावर मुलगा म्हणून शिकले तेथेच ते लिंगैक्य झाले. गंगांबिकांचे स्मारक एम. के. हुबळीजवळ मलप्रभेत आहे आणि नीलांबिकांचे तंगडगीला कृष्णाकाठी. पतीच्या भेटीला निघालेल्या नीलांबिका तंगडगीच्या पुढे गेल्या नाहीत. नारायणपूर धरणाचे पाणी चढल्यावर संगमावरील बसवण्णांच्या ऐक्यस्थानाभोवती विहिरीसारखी भिंत बांधावी लागली. आता पाण्यातल्या त्या विहिरीत पायऱ्यांनी खाली उतरून दर्शन घ्यावे लागते.